आधीचं काम

३ नोव्हेंबर, वेलगट्टा

आज पहिल्याच घरात अडकले. घर कुणाचं, तर जिथे मी खोली घेतली आहे त्याच गिरजाबाईंचं. टॅबलेट उघडून विचारलं, "गिरजाबाई, तुम्ही काय काम करता?" त्या सुपात तांदूळ पाखडत होत्या. म्हणाल्या, "कोनत्या महिन्यात?"

मी म्हटलं, वर्षभरात सगळ्यात जास्त वेळ जे केलं ते सांगा. त्यांनी मोजायला सुरुवात केली. धान रोवणं, निंदणं, कापणं. उन्हाळ्यात मोहफुलं, मग तेंदूपत्ता. शाळेत खिचडी शिजवणं. दोन बकऱ्या. शेवटी त्यांनाच माझी दया आली. "जे तुले सोपं जाते ते लिव ना पोरी," म्हणाल्या.

यादीत हजारो व्यवसाय आहेत आणि एका माणसाला एकच मुख्य व्यवसाय द्यायचा आहे. जिल्ह्यात कोणत्या कामाची माणसं किती, कोणत्या कामाला माणसं मिळत नाहीत, याचा अभ्यास होणार आहे म्हणे. चंद्रपूरच्या प्रशिक्षणात सगळं सोपं वाटलं होतं. तिथे उदाहरणं सुतार, शिक्षक, नर्स अशी होती. गिरजाबाईंचं उदाहरण कुणी दिलं नव्हतं.

आईचा नागभीडहून फोन. तिने सगळ्या नातेवाइकांना सांगितलंय, दिव्यानी सरकारी सर्वेत साहेबीण आहे. कंपनीचं कंत्राट डिसेंबरपर्यंतच आहे, हे तिने कुणाला सांगितलेलं नाही.

६ नोव्हेंबर

देवाजीभाऊ उन्हाळ्यात वनखात्याच्या रोजंदारीवर जंगलातली आग विझवतात. मी विचारलं, "आणि बाकी वर्षभर?" ते म्हणाले, "बाकी वर्ष आग लागत नाई ना बाई." हे त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं की मला हसताही येईना.

फोन लागतो तो फक्त गावाबाहेरच्या पुलावर. तिथे जाऊन कुलदीप सरांना विचारलं. सर अहेरीला बसतात, मुलचेरा तालुक्यातले आम्ही सगळे त्यांच्या हाताखाली. "समजत नसेल तर शेतमजूर टाक," म्हणाले. "लाल नोंद ठेवू नकोस. ज्यांच्या नोंदी साफ, त्यांनाच पुढच्या फेरीत घेतो."

नोंद अडली की टॅबलेटवर लाल होते, जुळली की हिरवी. म्हणून आज सगळ्यांना शेतमजूर टाकलं. आता निम्मं गाव शेतमजूर आहे. अभ्यास करणाऱ्यांना काय दिसेल कोण जाणे.

९ नोव्हेंबर, रविवार

आज गिरजाबाईंच्या शेजारच्या घरी गेले. नवरा-बायको दोघंच. रंभा आणि इतवारी. इतवारी गवंड्याच्या हाताखाली जातो, तो घरी नव्हता. रंभा ओट्यावर शिलाई मशीनवर बसली होती. गिरजाबाईंनी कुंपणापलीकडून दोनदा हाक मारली, "रंभा! वो रंभा!" तिने मान वर केली नाही. मशीन थांबली तेव्हा कुठे पाहिलं. कानाने कमी येत असावं. तसा रकाना आहे, त्यात "थोडी अडचण" असं टाकलं.

पण मी हळू विचारलेलं तर तिला सगळं ऐकू येत होतं. हे काही कळलं नाही.

मला बरं वाटलं की एकदाचा सरळ व्यवसाय मिळाला. शिंपी. पुढचे प्रश्न पटापट होतील असं वाटलं होतं. झालं ते असं:

"शिवणं कुठी शिकल्या ताई?"

"कामावर."

"किती वर्षं होतं ते काम?"

"बारा. सोडून चार झाले."

"मालकाचं नाव?"

"मालक नव्हता."

"मग पगार कोण देत होतं?"

"पगार नाई. जेवन भेटे. कपडे, साबन, तेल."

"कामाची जागा?"

ती दोरा तोडत म्हणाली, "एक जागा नाई. चालत राहाचं."

मी विचारलं, कारखाना गावोगाव फिरायचा का? ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसली. म्हणाली, "हो, तसंच म्हना."

किती जण होते? कधी दहा-बारा, कधी जास्त. सुट्टी? पुन्हा हसली. घरी जाता यायचं का? यावर हसली नाही. "विचारून. पर होकार नाई भेटे."

काम सुरू केलं तेव्हा वय सोळा-सतरा असेल, म्हणाली. नक्की माहीत नाही. मालक नाही, पगार नाही आणि तरी नोकरी, असं टॅबलेट घेईचना. नोंद लाल. निघताना मशीनचा फोटो काढायला टॅबलेट वर केला तर तिने उठून कॅमेऱ्यावर हातच ठेवला. "फोटो नाई, मॅडम." हात गरम होता. मी घाबरले की तीच घाबरली, आता आठवून सांगता येत नाही.

११ नोव्हेंबर

यादी परत परत वाचतेय. "सर्कशीतले कामगार" असा गट सापडला. फिरतं काम, जेवण-कपडे, दहा-बारा माणसं. रंभा सर्कशीत शिवायची का? विचारायला गेले तर दार बंद. गिरजाबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "तुले वांग्याची भाजी चालते ना?"

१४ नोव्हेंबर



सकाळी धान कापताना गिरजाबाईंच्या पोटरीला विळा लागला. मी तिथेच शेतात, बांधीवर होते, मजुरांच्या नोंदी घेत. रक्त बघून मी खाली बसले. बाया ओरडायला लागल्या. तेवढ्यात रंभा धावत आली. तिने पदर फाडला, जखमेच्या वर आवळून बांधला, आत काडी घालून पीळ दिला. मग दोन बांबू आणि चादर मागितली. चादरीला कशा गाठी मारल्या ते मला दिसलंही नाही, पण डोली तयार झाली. "तुम्ही समोर. तुम्ही मागं. पाय वर ठेवा. बोलू नका." देवाजीभाऊंसारखी वयस्क माणसंसुद्धा मुकाट उभी राहिली. गिरजाबाई ओरडत होत्या तर तिने त्यांच्या कानाशी काहीतरी सांगितलं आणि त्या गप्प झाल्या.

नाला ओलांडून सगळे डांबरी रस्त्यापर्यंत गेले. पुढचा बांबू रंभाच्याच खांद्यावर होता. रस्ता दिसला तशी ती थांबली, बांबू इतवारीच्या खांद्यावर दिला आणि मागे फिरली. चुलीवर काही ठेवून आली असेल.

मुलचेऱ्याला टाके पडले. डॉक्टरांनी विचारलं, पट्टी कुणी बांधली? मी नाव सांगणार तेवढ्यात गिरजाबाई म्हणाल्या, "मीच बांधली." आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना उघडउघड खोटं बोलताना पाहिलं. म्हणजे ओळख अकरा दिवसांचीच आहे, पण तरी.

संध्याकाळी रंभाला विचारलं, "हे कुठी शिकलात?" तर म्हणाली, "तिथीच. कामावर."

शिवणाऱ्या बाईला ते डॉक्टरीही करायला लावायचे? मग ती शिंपी की नर्स? आणि असे कोण हे लोक, जे पोरीला सोळाव्या वर्षी नेतात, सगळी कामं करवतात, पगार देत नाहीत आणि घरी सोडत नाहीत?

१६ नोव्हेंबर, रविवार

आज इतवारी घरी होता. त्याचीही नोंद घेतली. आधीचं काम विचारलं तर दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तोही तिथेच होता.

"म्हणजे ओळख तिथलीच?"

"हो. लग्नाचा अर्ज देऊन ठेवला होता. लय दिवसानं परवानगी भेटली."

"लग्नाला परवानगी? कोणाची?"

"वरच्यांची." मग खाली बघत म्हणाला, "पहिले ऑपरेशन करा लागे. मानसाचं. लेकरू नको म्हनून."

रंभाने मशीन जोरात चालवायला सुरुवात केली. कापड नव्हतंच खाली, मी पाहिलं. इतवारी त्या आवाजावरून म्हणाला, "सोडून आल्यावर नागपूरले नस जोडून घेतली. डॉक्टर म्हनते, होईल. पाहू."

मी टॅबलेट बंद केला. पुलावर जाऊन रडले. एम.ए.ला बंधबिगारीवर एक प्रकरण होतं, परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. हे तर त्याहून वाईट आहे. आणि दोघं अजून त्या मालकाला भितात, नाव सांगत नाहीत, फोटो काढू देत नाहीत. उद्या तो येऊन पुन्हा घेऊन गेला तर?

शेरा लिहिला: "बंधबिगारीची दाट शक्यता. दोन्ही व्यक्तींना संरक्षणाची गरज." गाव, घर, नावं, सगळं. सरांना पाठवलं आणि कामगार अधिकाऱ्यांनाही अर्ज टाकला. पाठवल्यावर छाती हलकी झाली. या नोकरीत पहिल्यांदा वाटलं की मी काहीतरी काम केलं.

१९ नोव्हेंबर

कुलदीप सर खूश. म्हणाले, वरच्या साहेबांनी लगेच लक्ष घातलं. "शनिवारी कामगार खात्याचं पथक येतंय. विक्कीलापण सांगितलंय, तो बातम्यांचं चॅनल चालवतो. तुझी मुलाखत घेईल. पुढची फेरी पक्की समज."

धावतच घरी आले आणि गिरजाबाईंना सांगितलं. त्या पाय लांब करून बसल्या होत्या. मला वाटलं होतं, तोंडभरून कौतुक करतील. त्यांचा चेहरा उतरला.

"काय लिवलं तू?"

मी वाचून दाखवलं.

"नाव लिवलं? गावाचं पन? कायले लिवलं वो पोरी? मले विचाराचं नाई का?"

"मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही वांग्याची भाजी म्हणालात."

त्यांनी कपाळावर हात मारला आणि कुंपणाकडे तोंड करून हाक मारली. या वेळी रंभा पहिल्या हाकेला आली.

सगळं ऐकल्यावर ती रागावली नाही. फक्त विचारत गेली. कोण येणार? किती जण? गाडी कोणत्या रस्त्याने? फोटो काढणारा आहे का? मी उत्तरं देत होते आणि माझ्या लक्षात येत होतं की आज प्रश्न ती विचारतेय. मग ती माझ्यासमोर बसली.

"मॅडम, मी आत होती."

"कशाच्या आत?"

गिरजाबाई म्हणाल्या, "जंगलात, बाई. दलममध्ये. बंदूकवाल्यांत. दोघं बी. चार वर्षं झाले, पोलिसाकडं हजर झाले. हे त्यांचं गाव नोहे. इथी कोनी वळखत नाई म्हनून राह्यले. आमाले मालूम हाय, पर आमी बोलत नाई."

मी मूर्खासारखं म्हटलं, "मला वाटलं कोणीतरी मालक आहे."

रंभा हसली, पण फार वेळ नाही. "मालक नाई राहाले पाहिजे, हेच तं शिकवत होते तिथी. वर्दी शिवाची मी. मंग दवापानी शिकवलं, ते पन करे. नाव पन दुसरं दिलं होतं, म्हनून रंभा म्हटलं तं अजून ध्यानात येत नाई."

"तुम्हाला ओढून नेलं होतं?"

"नाई. गावात आले, गाने म्हनले. चांगले गाने होते. मी मागं गेली." मग म्हणाली, "दोन पावसाळे झाले तं माय आठवे. जातो म्हटलं तं नाई म्हनले. माय मेली ते मले सहा महिन्यांनं समजलं. तुमच्यात त्याले काय म्हनतेत, जे तुमी लिवलं?"

"बंधबिगार."

तिने तो शब्द एकदा हळूच म्हणून पाहिला.

चॅनलवर चेहरा दिसला तर जुने लोक ओळखतील, गद्दार म्हणून शोधत येतील, अशी त्यांची भीती आहे. मी म्हटलं, आता तर आतले फार उरले नाहीत म्हणतात. गिरजाबाई म्हणाल्या, "याले एकच लागते ना."

मी वाचवायला निघाले होते. नक्की कुणापासून, तेच मला माहीत नव्हतं.

२० नोव्हेंबर, अहेरी

पहिल्या बसने आले. आज आठवडी बाजार नव्हता, तरी स्टँडवर गर्दी. कुलदीप सरांना म्हटलं, शेरा काढून टाका. ते म्हणाले, शेरा निघत नाही. एकच मार्ग आहे, माहिती मी चुकीची भरली असं मी लिहून द्यायचं.

"पण का? खरी केस आहे ना?"

खरं सांगितलं तर ते आणखी एका माणसाला कळणार. मी म्हटलं, "नाही सर. भाषा समजली नाही. बाकीचं मी मनाने लिहिलं."

सरांनी मला समोर बसवलं. वाईट माणूस नाही. म्हणाले, "दिव्यानी, असं लिहून दिलंस तर पुढची फेरी सोड, या कंपनीत तुला परत कुणी उभं करणार नाही. खोट्या नोंदी करणारी म्हणून नाव लागेल."

मी लिहून दिलं. सर ते वाचत होते तेव्हा मलाच शंका आली, की खरंच मी मनाने लिहिलं का? बंधबिगार हा शब्द तर माझाच होता. मग सरांनी फोन करून पथक थांबवलं. विक्कीला मात्र फोन लागेना.

आईला काही सांगितलं नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

विक्की आलाच. मोटरसायकलवर, हातात माईक. लाल टी-शर्ट, हसतमुख, वयाने माझ्याएवढाच. त्याने मला आधी कधी पाहिलेलं नव्हतं.

आम्ही सकाळीच रंभाची मशीन गिरजाबाईंच्या ओट्यावर आणून ठेवली होती. रंभा आणि इतवारी पहाटेच निघून गेले, कुठे ते कुणी मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्यांच्या दाराशी देवाजीभाऊंनी बकऱ्या बांधल्या होत्या. कुणी ठरवलं, केव्हा ठरवलं, मला पत्ता नाही. मी ओट्यावर टॅबलेट घेऊन बसले होते. रस्त्यावर मोटरसायकल वाजली तशी गिरजाबाईंनी टॅबलेट माझ्या हातातून काढून तांदळाच्या कोठीत टाकला आणि मला मशीनवर बसवलं.

"इथे शिवणकाम करणारी बाई कोण?" त्याने विचारलं.

"हे काय, बसली हाय," गिरजाबाई म्हणाल्या.

मला शिवता येत नाही. शाळेत बटण लावलं होतं तेवढंच. पायडल दाबलं तर मशीन उलटी फिरली आणि दोरा तुटला. विक्की माईक पुढे करून म्हणाला, "ताई, घाबरू नका. तुम्हाला कुणी डांबून ठेवलं होतं का?"

"नाही."

"मग आधी काय काम करत होता?"

एवढी घरं हिंडून हा प्रश्न विचारला, आणि मला विचारल्यावर मी तुटलेला दोरा शोधायला लागले. गिरजाबाईंनी वाचवलं. "नवीनच शिकून राह्यली बाप्पा ते. दिसत नाई का तुले?"

त्याने देवाजीभाऊंना विचारलं, त्यांनी आगीबद्दल सांगायला सुरुवात केली आणि बराच वेळ थांबले नाहीत. बायांना विचारलं, बाया धान पाखडत राहिल्या. शेवटी त्याने मोडक्या पुलाचं शूटिंग घेतलं. त्यावर बातमी करतो म्हणाला. चहा पिऊन गेला. जाताना मला म्हणाला, दोरा ओवताना टोक ओलं करा, माझी आई तसंच करते.

तो गेल्यावर सगळे हसले. मलाही हसू आलं. दोन आठवड्यांपूर्वी मी याच लोकांना "शेतमजूर, शेतमजूर" लिहीत होते.

२४ नोव्हेंबर

अजून परतले नाहीत. मशीन ओट्यावरच आहे. गिरजाबाई रोज फडक्याने पुसतात. मी विचारलं, येतील का? तर म्हणाल्या, "मशीन इथी हाय ना."

हे उत्तर होतं की नव्हतं?

२७ नोव्हेंबर

आज गाव सोडायचं होतं. सामान बांधलं होतं. दुपारी कुंपणापलीकडे धूर दिसला. ते आले होते.

रंभा स्वतःच आली आणि म्हणाली, "माझं लाल राह्यलं ना तुझ्याजवळ? करून टाक."

इथे "मॅडम" नव्हतं, ते मला नंतर जाणवलं. टॅबलेट अजून परत करायचा होता, तिची नोंद तेवढी उरली होती. कोठीतलं तांदळाचं पीठ त्याच्या भोकात गेलंय, पण चालतो. मी उघडला. आताचं काम, शिंपी. वर्षं, चार. हिरवं झालं. मग तो रकाना आला. त्याआधीची बारा वर्षं.

"काय टाकू? शेतमजूर टाकते, सगळ्यांना तेच टाकलंय."

"नाई. मी नाई केली शेती."

"मग नर्स?"

तिने मान हलवली. ओट्याच्या कडेला बसली. आमच्यामध्ये मशीन. मी यादी वरखाली करत होते, तिला एकेक वाचून दाखवत होते. तिने मध्येच थांबवलं.

"घरी होती म्हनून लिवता येते का?"

येत होतं. तसा पर्याय आहे, बायकांसाठी सगळ्यात जास्त तोच वापरतात. ती सोळा-सतरा वर्षांची असताना घरी, पंचविशीतही घरी. हे खोटं होतं, सगळ्यात मोठं, आणि मी तर लेखी खोटारडी ठरलेलीच आहे. दाबलं. टॅबलेटने एकही प्रश्न विचारला नाही. लगेच हिरवं.

"वाच," रंभा म्हणाली. तिला मराठी नीट वाचता येत नाही.

मी वाचलं, "रंभा. बारा वर्षे. घरी."

"अजून एक डाव."

पुन्हा वाचलं. तिने मशीनवर डोकं टेकलं. खांदे हलत होते. मला वाटलं हसतेय, टॅबलेटची कशी जिरवली म्हणून. मीही हसले. मग वाटलं, नाही. मी हात पुढे केला आणि मागे घेतला. गिरजाबाईंनी आतून पाहिलं आणि त्या बाहेर आल्या नाहीत.

बसची वेळ होत आली होती. रंभाने तोंड पुसलं, उठली, माझी पिशवी खांद्यावर घेतली आणि चालू लागली. नाला ओलांडला. डांबरी रस्ता दिसला. मला वाटलं, आता पिशवी माझ्याकडे देईल आणि त्या दिवशीसारखी मागे फिरेल. ती चालतच राहिली. बस येईपर्यंत माझ्याजवळ उभी होती, भर उन्हात, डोक्यावर पदरही न घेता.